स्वप्नात पुन्हापुन्हा दिसणारा फलाट आणि दोन दारांची खोली : अर्थ कसा लावावा?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

गेले पाच-सहा महिने मला एकच स्वप्न थोड्याफार फरकाने पडत आहे. मी छोट्या लाइनच्या फलाटावर उभी असते. (ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी, दोन फुटी रुळांवरची ही गाडी २०२० साली बंद झाली, सुमारे दोनशे किलोमीटरच्या प्रवासात ती अख्खा दिवस घेत असे.) माझ्या हातात पितळी डबा असतो आणि त्याचे झाकण इतके तापलेले असते की तो पदराने धरावा लागतो. मागच्या प्रतीक्षालयाला दोन दारे आहेत. एकातून रूळ दिसतात, तर दुसऱ्यातून थेट आमच्या दौलतगंजातील जुन्या घराची ओसरी. गाडी येत नाही, पण ती गेली असेही कोणी सांगत नाही. मी त्या दारात जाऊन उभी राहते आणि तेवढ्यात जाग येते.

मुलगी लग्न होऊन गेली आहे, यजमान नुकतेच निवृत्त झाले आहेत आणि जुने घर विकण्याचे बोलणे चालू आहे. सासूबाईंच्या मते स्वप्नात स्टेशन दिसले की घरातले कोणीतरी ‘निघते’. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असे मी दिवसा ठामपणे सांगते, पहाटे मात्र तेवढे जमत नाही. अशा अधल्यामधल्या जागांच्या स्वप्नांचा काही अर्थ असतो का?

ओसरीवरून (इंदूर)

ताई, आपल्याकडे स्वप्नालाच अधलीमधली जागा मानलेले आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात की पुरुषाची स्थाने दोन, हा लोक आणि परलोक; स्वप्न हे तिसरे, ‘सन्ध्य’ म्हणजे सांध्यावरचे स्थान, आणि तेथे उभा राहून तो दोन्हींकडे पाहतो. तुमची दोन दारांची खोली मला याहून फार निराळी वाटत नाही. त्याच्या लगेच पुढे म्हटले आहे की तेथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात, पण तो स्वतःच रथ, घोडे आणि रस्ते निर्माण करतो. बंद पडलेल्या लाइनचा फलाट तुम्ही स्वतः उभारला आहे, तेव्हा तो कोणी पाठवलेला निरोप समजू नये.

सासूबाईंसाठी चरकसंहितेचा आधार द्यावा. तेथे स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. यांपैकी पहिले पाच निष्फळ समजावेत, असे वैद्याला स्पष्ट बजावलेले आहे. पाहिलेल्या स्टेशनाचे स्वप्न पहिल्या पाचांतच बसते. स्वप्नफलाच्या बाजारू पुस्तिका हा भाग सोयिस्करपणे गाळतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

सयाजीनगरी (वडोदरा)

मी समुपदेशनाचे काम करते, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. लोकरीतींचे अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली संक्रमणविधींचे, म्हणजे आयुष्याच्या एका स्थितीतून दुसरीत जाताना होणाऱ्या विधींचे, तीन टप्पे मांडले : आधीच्या स्थितीपासून तुटणे, मधला काळ, आणि नव्या स्थितीत सामावणे. मधल्या टप्प्याला त्यांनी दिलेले नाव उंबरठा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. आपल्या नव्या सुनेला माप ओलांडायला लावतात, तेव्हा तो मधला काळ क्षणभराचा असतो आणि सगळे घर तिच्याभोवती उभे असते. मुलगी गेल्यावर आईचे जे बदलते, यजमान निवृत्त झाल्यावर बायकोचा जो दिवस बदलतो, त्यासाठी मात्र आपल्याकडे कसलाच विधी नाही. माप तिने ओलांडले. तुम्ही अजून दारातच आहात, असे मला तुमचे स्वप्न वाचताना वाटले.

सासूबाईंच्या भीतीबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रवासाला निघणे हे स्वप्नात मृत्यूचे प्रतीक असते, असे फ्रॉइड यांनीही लिहिले, पण म्हणूनच गाडी चुकण्याच्या स्वप्नाला त्यांनी दिलासा देणारे स्वप्न म्हटले : घाबरू नकोस, तू जाणार नाहीस. तुमची गाडी तर येतच नाही.

तरीही ‘फलाट म्हणजे बदल’ असा कोष्टकी अर्थ मी लावणार नाही, कारण बदल कोणाच्या आयुष्यात नसतो? तो अर्थ सर्वांना लागू पडतो, म्हणून कोणाच्याच कामाचा नाही. फलाट हजारोंच्या स्वप्नात येत असेल, पण तापलेले झाकण फक्त तुमचे आहे. जाग आल्यावर आधी तेवढेच लिहून ठेवा : डबा कोणाचा, आणि तो कोणाकडे पोहोचवायचा आहे?

किल्ल्याखालचा (ग्वाल्हेर)

एक शंका. स्वप्न नेहमी दारातच संपते याला इतके महत्त्व का द्यावे? डोळे वेगाने हलणारी झोप १९५३ साली प्रथम नोंदवली गेली आणि त्या झोपेतून जागे झालेल्यांना स्वप्ने चांगली आठवतात, हे पुढे दिसून आले. पहाटे तीच झोप जास्त असते. जाग जिथे येईल तिथे स्वप्न संपणारच.

अवांतर : अधल्यामधल्या जागेचे म्हणाल तर ग्वाल्हेरातला आपला लष्कर भागच तसा आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तळ उठलाच नाही आणि त्याचे शहर झाले. नाव मात्र अजून छावणीचेच.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

सर्वांचे आभार. जाग येण्याबद्दलची शंका मला पटली. दाराचा विचार मी बाजूला ठेवला आहे.

डब्याचे मात्र लिहून ठेवले आणि आठवले. वडिलांची नोकरी सबलगढला होती. सोमवारी पहाटे ते छोट्या लाइनने निघत आणि आईचा स्वयंपाक हमखास मागे राही, म्हणून डबा घेऊन मला स्टेशनापर्यंत पळत जावे लागे. ती गाडी इतकी सावकाश सुटत असे की चालत्या गाडीतही डबा देता येई. एकदाही तो द्यायचा राहिला नाही. गेल्या चाळीस वर्षांत ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती.

चरकाचे वचन सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “डब्यात काय असतं गं?” स्वप्नात ते झाकण मी अजून एकदाही उघडलेले नाही.