मदत हवी आहे: रात्री ऐरोलीहून कासारवडवली, ॲपची कॅब बरी की स्टेशनबाहेरची रिक्षा?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण ऐरोलीला कामाला आहे. या महिन्यापासून तिची शिफ्ट रात्री साडेदहाला सुटते आणि कंपनीची गाडी नाही.

ॲपच्या कॅबमध्ये गाडीचा नंबर, चालकाचं नाव आधी कळतं, चालू ट्रिप मला घरबसल्या मोबाईलवर दिसते. याचा मोठा आधार वाटतो. पण परवा ॲपवर एमएच ४३ ची गाडी दाखवली आणि समोर उभी राहिली एमएच ०४ ची. वर चालक म्हणतो, "मॅडम, ट्रिप कॅन्सल करा, कॅश द्या, तेवढ्यातच सोडतो." ती बसलीच नाही, बरं केलं. ट्रिप रद्द झाली की गाडी कुठे चालली आहे हे मला दिसणार कसं?

दुसरा मार्ग म्हणजे ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे आणि तिथून मीटरची रिक्षा. स्टँडवर चार माणसं असतात, पण एकदा रिक्षा घोडबंदर रोडला लागली की कुठेच नोंद नाही. आई तर जागीच असते.

२०१९ पासून नोंदणी होणाऱ्या टॅक्सींमध्ये लोकेशन यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. ते बटण कोणी खरंच दाबलंय का? पुढे फोन आला का? की सरळ ११२ लावलेलं बरं? आणि नंबर जुळत नसेल तर तक्रार ॲपवर करायची की आरटीओकडे? या मार्गाने रात्री येणाऱ्या ताईंनी कृपया सांगा.