माळा रिकामा करताना

"वर्षभर हात लागला नाही ती वस्तू सरळ घराबाहेर काढा" हा घर आवरताना सांगितला जाणारा नियम कपड्यांना ठीक आहे, पण माळ्यावरच्या तांब्या-पितळेच्या बाबतीत एवढी घाई नको. गेल्या दिवाळीआधी आईचं घर आवरलं. साड्या बोहारणीला दिल्या. तिने एकेक साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधली, भरपूर घासाघीस केली आणि सहा साड्यांच्या बदल्यात स्टीलचं एक पातेलं हातात ठेवलं. म्हणजे माळा हलका करायला बसलो आणि ओटा जड झाला! (पातेलं अजून कोरंच आहे. नियमाप्रमाणे येत्या दिवाळीला तेही बाहेर.)

भांड्यांचं गणित कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून सांगतो. मोडीत घालायला नेताना तांबं वेगळं आणि पितळ वेगळं करून न्या. पितळेत जस्त मिसळलेलं असतं, त्यामुळे त्याचा भाव कमी. सगळं एका पोत्यात नेलं तर तांब्यालाही पितळेचाच भाव लावला जातो. आमचं पहिलं पोतं असंच गेलं. लोखंडी कडी आणि डाग दिलेले सांधे यांची घटही वजनातून धरतात, ती आधीच विचारून घ्या. दुसऱ्या खेपेला घंगाळ तराजूत ठेवलं, तर काठावर ठिपक्याठिपक्यांनी टोचलेलं आजीचं नाव आणि 1961 दिसलं. दुकानदारच म्हणाला, "नावाचं आहे, नेताय का परत?" आणलं. आता त्यात गवती चहा लावलाय.