उत्तर: वॉशिंग्टनना आलेली पत्रं
इथे एकानं म्हटलंय की अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना नागरिकांची आलेली पत्रं म्हणजे निव्वळ वशिलेबाजी. बाल्टिमोरच्या पोस्टमास्तर मेरी कॅथरीन गोडार्ड यांना त्यात बसवू नका. स्वातंत्र्याचा जाहीरनामा सह्या करणाऱ्यांच्या नावांसह १७७७ मध्ये छापणाऱ्या त्याच. १४ वर्षं टपालकचेरी सांभाळली, आणि १७८९ मध्ये त्यांना काढलं. कारण काय, तर या कामात बाईला झेपणार नाही इतका प्रवास आहे! त्यांना परत घ्यावं म्हणून गावच्या २०० हून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. वॉशिंग्टननी मात्र यात पडायला नकार दिला. सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी सरकारी वकिलाचं पद दिलं नव्हतं, हे मान्य. पण गोडार्डबाई मेहरबानी मागत नव्हत्या, स्वतःचीच जागा परत मागत होत्या. मला तो नकार अजूनही पटत नाही.