संगणकाच्या टेबलासाठी परवडणारे ५.१ स्पीकर : आपले अनुभव लिहा

ज्यांनी घरच्या संगणकाला कमी खर्चातले ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि खर्जाचा आवाज देणारा एक सबवूफर) जोडून प्रत्यक्ष वापरले आहेत, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. वॅटचे आकडे खोक्यावर मिळतातच. जोडणी कशी केली, मागचे स्पीकर कोठे बसवले आणि रोजच्या वापरात काय जाणवले, हे कळले तर नव्याने घेणाऱ्यांना उपयोग होईल.

डोंबिवलीहून

स्पीकर पाहायला जाण्याआधी संगणकाची मागची बाजू पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. ५.१ म्हणजे आवाजाच्या सहा स्वतंत्र वाहिन्या (चॅनेल), आणि ३.५ मिमीच्या एका पिनेतून त्यांपैकी दोनच जातात. म्हणून पुढच्या जोडीसाठी हिरवी, मागच्या जोडीसाठी काळी आणि मधला स्पीकर व सबवूफर यांसाठी केशरी, अशा तीन जागा लागतात. माझ्या मदरबोर्डवर हिरवी, निळी आणि गुलाबी एवढ्याच होत्या, परंतु ऑडिओ ड्रायव्हरमध्ये ५.१ निवडल्यावर निळी मागच्या स्पीकरांना आणि गुलाबी मधल्याला मिळाली. माइक कॅबिनेटच्या पुढच्या जॅकवर गेला. लॅपटॉप असेल तर सहा वाहिन्यांचे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे लागते आणि तो खर्च आधीच धरावा. दुकानात ब्लूटूथवर गाणे लावून पाचही स्पीकर वाजताना दाखवतात, पण ब्लूटूथवरून दोनच वाहिन्या येतात आणि त्याच सगळीकडे वाटल्या जातात. विंडोजच्या साउंड सेटिंगमधील चाचणी एकेक स्पीकर वेगळा वाजवते. ती पाहिल्याशिवाय मी कोणताही संच पसंत करणार नाही.

कोथरूड, पुणे

मागचे स्पीकर पाठीमागच्या भिंतीवरच हवेत, असा समज आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार पुढचे दोन ऐकणाऱ्याच्या समोरच्या मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे जवळजवळ कानांच्या बाजूलाच असतात. त्यामुळे खुर्चीमागे लगेच पलंग असलेल्या माझ्या लहान खोलीतही ते दोन्ही बाजूंच्या पुस्तकांच्या फळ्यांवर, कानाच्या उंचीला छान बसले. सोबतच्या तारा आखूड होत्या. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, एक्स्टेन्शन आणले.

नाशिकहून

कोपऱ्यात ठेवलेल्या सबवूफरची धमक खालच्या मजल्यावर पोहोचत होती. भिंतींपासून दूर, जाड रबरावर ठेवल्यावर ती बरीच कमी झाली आणि संवादही स्वच्छ ऐकू येऊ लागले.

ठाण्याहून

मी वेगळे मत मांडतो. माझे ऐकणे प्रामुख्याने भावगीते आणि नाट्यसंगीत. ती ध्वनिमुद्रणे मोनो किंवा स्टिरिओ असतात. जे पैसे सहा खोक्यांत विभागले जातात, तेच दोन चांगल्या स्पीकरांत घातले तर आवाज अधिक भरीव मिळतो, असा माझा अनुभव आहे. पीएमपीओचा (क्षणिक कमाल शक्तीचा) फुगवलेला आकडा सोडून आरएमएस (सतत मिळणाऱ्या शक्तीचे) वॅटच विचारावेत.

बेळगावहून

माझ्या संगणकाला ऑप्टिकल आउटपुट (प्रकाशाच्या तारेतून डिजिटल आवाज देणारी जागा) आहे. तीन पिनांऐवजी ती एकच तार चालेल का?

डोंबिवलीहून

ज्या चित्रपटांचा सहा वाहिन्यांचा आवाज डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने संकुचित केलेला असतो त्यांच्यासाठी चालेल, मात्र तो उलगडणारा डीकोडर स्पीकरसंचात असायला हवा. त्या तारेतून संकुचित न केलेल्या दोनच वाहिन्या जातात, त्यामुळे मदरबोर्डला डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट (आवाज त्याच वेळी संकुचित करून पाठवणारी सोय) नसेल तर खेळांचा आवाज स्टिरिओच मिळेल. आपण खेळ खेळत असाल तर तीन पिनांचाच संच घ्यावा.