बोलिंगमध्ये दहावी पिन काही केल्या पडत नाही: स्पेअरसाठी वेगळा बॉल घ्यावा का?

दहावी_नापास
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत लीग खेळतो, उजव्या हाताने. १५ पौंडांचा, लेनला पकडून वळणारा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल, फिंगरटिप ड्रिलिंग (बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत), लेनवर तेलाचं नेहमीचं हाउस पॅटर्न. पहिला बॉल बरा जातो, पण १० नंबरची पिन (मागच्या रांगेत अगदी उजवीकडची) एकटी उरली की घात. स्पेअर, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडणं, जमतच नाही. त्याच बॉलने मारायला गेलो तर शेवटी डावीकडे वळून पिनला चुकवून जातो. वळण धरून आणखी उजवीकडे टाकला की कडेच्या गटरात.
प्लॅस्टिकचा बॉल घेतल्याने खरंच फरक पडतो का? घ्यायचा तर किती वजनाचा? उभं कुठे राहायचं, बघायचं कुठे? उभं राहायची जागा सरकवण्याचा ३-६-९ चा हिशोब ऐकलाय, पण १० नंबरला तो लागूच पडत नाही. आणि दोन-तीन पिना उरल्या तरी हाच बॉल वापरायचा का?

पिनकोड
फरक पडतो, आणि तुमच्या बाबतीत नक्कीच पडेल. हाउस पॅटर्नमध्ये तेल साधारण ४० फुटांपर्यंत असतं, मधल्या बोर्डांवर (लेनच्या उभ्या पट्ट्यांवर) दाट, कडेच्या आठ-दहा बोर्डांवर पातळ. १० नंबरकडे तिरका जाणारा बॉल मधल्या तेलावरून नुसता घसरत जातो, फिरकी शाबूत राहते, आणि कडेच्या कोरड्या बोर्डांवर पोचला की तिथे पकडतो. म्हणजे नेमकं पिनच्या तोंडाशी वळण. बरं, ते वळण दर वेळी सारखं असतं तर हिशोबात धरता आलं असतं. पण खेळता खेळता तेल उडतं, पुढे सरकतं, आणि तिसऱ्या गेमला पहिल्या गेमचा अंदाज चालत नाही.

पॉलिएस्टरचं कवच, म्हणजे आपण ज्याला प्लॅस्टिक म्हणतो ते, लेनला फारसं पकडत नाही. आत मोठा कोअर, म्हणजे वजनाचा गाभाही नसतो, एक चपटी वजनाची चकती असते. कोलंबिया ३०० चा व्हाइट डॉट, एबोनाइटचा मॅक्सिम, ब्रन्सविकचा टी झोन, यातला कुठलाही चालेल. रंग आवडेल तो घ्या, कामात फरक नाही. ‘स्पेअरलाही चालेल’ म्हणून कोणी युरेथेन (दुसऱ्या प्रकारच्या कवचाचा बॉल) गळ्यात मारू लागलं तर नको म्हणा. तो लवकर पकडतो आणि वळतो.

वजन १५ च ठेवा, फार तर १४. त्याखाली गेलात तर हाताचा झोका बदलतो. स्पॅन (अंगठ्याच्या आणि बोटांच्या छिद्रांमधलं अंतर), बोटांची छिद्रं, अंगठ्याचा कोन स्ट्राइकच्या, म्हणजे पहिल्याच फेकीत दहाही पिना पाडायच्या बॉलसारखेच हवेत. अंगठ्याचा स्लग (छिद्रात बसणारा तुकडा) अदलाबदलीचा असेल तर उत्तम, दोन्ही बॉल हातातून एकसारखे सुटतात. ड्रिलिंगच्या लेआउटवर (छिद्रं कुठे पाडायची त्या आखणीवर) जादा पैसे घालू नका, त्या चकतीला काही कळत नाही. पृष्ठभाग गुळगुळीतच राहू द्या, सँडिंग करून घेऊ नका.

जुना बॉल घेणार असाल तर छिद्रं मोजा. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या) नियमांत बॅलन्स होल (तोल साधायचं जादा छिद्र) चालत नाही, प्रत्येक छिद्र पकडीसाठीच हवं. जादा छिद्र असेल तर बुजवून घ्यावं लागेल.

मधला_बाण
बॉल घ्याच, पण बॉलने निम्मंच काम होतं. उरलेलं पायांचं. बोर्ड उजवीकडून मोजतोय, एकूण ३९. पिनांचे नंबर पुढून मागे, डावीकडून उजवीकडे: १; २-३; ४-५-६; ७-८-९-१०.

लेनवरच्या बाणांतला मधला बाण २० व्या बोर्डावर, फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेषेपासून) साधारण १६ फुटांवर. १० नंबरच्या पिनचा मध्य तिसऱ्या बोर्डाच्या आसपास. बाणापासून पिनपर्यंत साधारण ४६ फूट. सरळ बॉल २० वरून ३ वर जायचा तर मागे फाउल लाइनवर तो २६ वर सुटायला हवा. बहुतेकांचा बॉल शेवटच्या पावलात सरकणाऱ्या पायाच्या पाचसहा बोर्ड उजवीकडून सुटतो, म्हणजे डावा पाय ३२ वर थांबायला हवा. तुमचं अंतर किती ते कोणाला तरी मागे उभं करून बघायला सांगा. कुणाचं सात-आठही असतं.

आता गंमत बघा. नजर मधल्या बाणावरच ठेवली तर बाकीच्या पिनांसाठी पाय दोन-दोन बोर्डांनी सरकतो: १० ला ३२, ६ ला ३०, ३ ला २८, १ ला २६, २ ला २४, ४ ला २२ आणि ७ ला २०. मागे लपलेल्या ५, ८, ९ या अनुक्रमे १, २, ३ च्याच रांगेत. सरळ बॉलचा हिशोब हा असा २-४-६ चा.

३-६-९ हा वळणाऱ्या बॉलचा, स्ट्राइकच्या रेषेवरून काढलेला हिशोब आहे. खूण तीच ठेवून २ साठी ३ बोर्ड उजवीकडे, ४ साठी ६, ७ साठी ९. डावीकडच्या पिनांना तो बरा चालतो, कारण वळण त्याच बाजूला आहे. उजवीकडे वळण विरोधात जातं, म्हणून काहीजण तिथे ४-८-१२ करतात. तरीही १० नंबरला वळत्या बॉलने जाणं म्हणजे उगाच डोकेदुखी.

आणखी एक. १० नंबरच्या बरोबर मध्यावर नेम धरू नका. बॉलचा व्यास साडेआठ इंच, पिन सर्वांत रुंद भागात पावणेपाच. म्हणजे बॉलचा मध्य पिनच्या मध्यापासून डावीकडे साडेसहा इंच चुकला तरी पिनला स्पर्श होतो. उजवीकडे मात्र जेमतेम तीन इंचांवर गटर. मिळून नऊएक बोर्डांची खिडकी, आणि तिचा मध्य पिनच्या पावणेदोन इंच डावीकडे, पाचव्या बोर्डाजवळ. नेम तिथे धरा. पाय अर्धा बोर्ड उजवीकडे घेतला की झालं, कारण पायाचा एक बोर्ड पिनपाशी जवळपास तीन होतो.

ऑइलपॅटर्न
वरचे आकडे पाठ करूनही गटर लागत असेल तर चालण्याकडे बघा. ३२ वर उभं राहायचं आणि लेनला समांतर चालत जायचं, ही नेहमीची चूक. मग खांदे समोर, हात तिरका, आणि बॉल ओढला जातो. खांदे नि कंबर आधीच बाणाच्या दिशेने वळवा आणि त्या रेषेला धरून चाला. तिरकं चालताना पाय दोन-तीन बोर्ड उजवीकडे येतो, म्हणून सुरुवात ३४-३५ वर करून सरकता पाय ३२ वर आणा. बॉल सोडल्यावर आधी पाय कुठे थांबला ते बघा. पिनकडे नंतर बघता येतं.

हात: अंगठा बाराच्या काट्यावर, तळवा बॉलच्या मागे, आणि सुटेपर्यंत तसाच. शेवटी मनगट फिरवलं की प्लॅस्टिकलाही वळण मिळतं. मनगट किंचित मागे मोडू द्या, फिरकी आपोआप कमी होते. जोर लावून टाकू नका, त्याने खांदा पडतो. वेग हवा असेल तर बॉल सुरुवातीला थोडा उंच धरा.

चुकला की निदान दोनच प्रश्नांचं. बाणावरून गेला का? गेला असेल आणि तरी पिनच्या डावीकडून निघाला, तर पाय एक बोर्ड आणखी डावीकडे. उलटं वाटतं, पण खूण तीच असताना पाय डावीकडे म्हणजे बॉल उजवीकडे. बाणच चुकला असेल तर पायांना हात लावू नका, दोष हाताचा आहे.

दहावी_नापास
हे छापून बॅगेत ठेवतो. एकापेक्षा जास्त पिनांचं काय?

ऑइलपॅटर्न
इथे पिनकोड आणि माझं जमणार नाही बहुधा. २-४-५-८ ची बादली (चार पिनांचा हा घोळका) मी प्लॅस्टिकने मारू नका म्हणेन. सरळ बॉल २ ला उजवीकडून लागला की आपटून उजवीकडे फेकला जातो आणि ८ किंवा ४ उभी. वळणारा बॉल आत घुसतो. स्ट्राइकच्या जागेपासून ३ बोर्ड उजवीकडे, खूण तीच, २ ला पहिली पिन समजून मारा.

६-१० ला दोघींच्या मधे. ३-६-१० ला ३ आणि ६ यांच्या फटीत. ३ च्या बरोबर मध्यावर बॉल बसला की ती सरळ मागे उडते आणि ६-१० तुमच्याकडे बघत उभ्या राहतात. ह्या दोन्हींना प्लॅस्टिकच.

पिनकोड
बादलीबद्दल थोडं वेगळं. लेन कोरडी पडली असेल आणि स्ट्राइक बॉलचं वळण हातात नसेल, तर प्लॅस्टिक परवडला. फक्त उजवीकडून तिरका आणून २ च्या जवळजवळ नाकावर (समोरून मध्यावर) बसवायचा. २-८ ला मात्र नेहमी प्लॅस्टिक, पूर्ण नाकावर. ८ ही २ च्या पाठीमागे जवळपास एकवीस इंचांवर आहे, थोडा कडेला लागला की ती सुटलीच.

७-१० वर वेळ घालवू नका, एक पाडा आणि पुढे चला. ९ पाडल्यावर उरलेली साधी एक पिन सुटली आणि पुढचा बॉल ९ चा, तर नुकसान १० गुणांचं. दहाही फ्रेममध्ये (पाळ्यांमध्ये) ९ आणि स्पेअर, शेवटचा जादा बॉलही ९, तर एकही स्ट्राइक न मारता १९०.

कोथरूडकर
मॉलमध्ये रॅकवरचे बॉल घेऊन खेळणाऱ्यांनी काय करावं? स्वतःचा बॉल घेण्याइतकं नाही खेळणं.

पिनकोड
रॅकवरचे बॉल बहुधा प्लॅस्टिकचेच असतात, त्यामुळे स्पेअर बॉल तुमच्याकडे आहेच! अडचण पकडीची. अंगठा पूर्ण आत घालून बोटं छिद्रांवर आडवी ठेवा. दुसऱ्या पेराची रेघ छिद्राच्या जवळच्या कडेपलीकडे पाव इंच गेली तर स्पॅन ठीक. अंगठा किंचित घासत पण न अडकता निघायला हवा. अडकत असेल तर वजन कमी करू नका, मोठ्या छिद्राचा तितक्याच वजनाचा बॉल शोधा. घामट हात असेल तर टॉवेल जवळ ठेवा.

काही ठिकाणी तेल नीट घातलेलं नसतं. तिथे प्लॅस्टिकही दोन-तीन बोर्ड वळतो, तर पहिले दोन फेक त्यासाठी बघून घ्या. आणि पिनांच्या डोक्याला दोरी बांधलेली यंत्रं असतील तर एकट्या पिनला वरचा हिशोब जसाच्या तसा लागू. उडती पिन आडवी जाऊन दुसरीला पाडेल यावर मात्र तिथे भरवसा नको, दोरी तिला आवरते. म्हणून ६-१० सारख्या जोडीत दोन्ही पिनांना बॉलच लागेल असा नेम धरा.