कुठल्या संस्थेचा सर्व्हर?

(अपार्टमेंटच्या ग्रुपवरून; आकडे फ्लॅटचे)

काकू (२०३): कॉम्प्युटरमधलं कळणारं कोण घरात हाय काय आता? पडद्यावर उजवीकडे खाली ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ असं पुसट आलंय, जातच नाही. सेटिंगमध्ये बघितलं तर ‘तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही’. घरातला कॉम्प्युटर ओ, संस्था कुठली? पोरीचा व्हीटीयू विद्यापीठाचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात आहे, उद्या प्रिंट काढायचीय.

अण्णा (१०१): रिपोर्ट कुठं जात नाही. फाइल उघडते, प्रिंट निघते. वॉलपेपर, रंग तेवढे बदलता येत नाहीत.

वहिनी (३०४): आमच्याकडं मागं तारीख चुकल्यामुळं अ‍ॅक्टिव्हेशन अडलेलं. आतला नाण्याएवढा सेल बदलल्यावर झालं. घड्याळ बघा काकू.

काकू (२०३): घड्याळ बरोबर आहे की.

३०१: काकू, लिंक टाकतो, दोन मिनिटांत होतंय. अँटीव्हायरस तेवढा बंद करायचा.

दादा (४०२): लिंक टाकू नकोस बाळा. काकू, कॉम्प्युटर मध्यंतरी दुरुस्तीला दिलेला काय?

काकू (२०३): होय की, दिवाळीत. हार्डडिस्क गेली म्हणून एसएसडी घातली. विंडोज त्यांनीच टाकून दिलं.

दादा (४०२): स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल उघडा. एस-एल-एम-जी-आर, एक जागा सोडून तिरकी रेघ (/), तिला चिकटून डी-एल-व्ही. एंटर. काय येतंय?

काकू (२०३): वर ‘प्रोफेशनल’, त्याखाली ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’.

दादा (४०२): वाटलंच. केएमएस म्हणजे कॉलेज, मोठ्या ऑफिसांची सोय. संस्थेचा एक सर्व्हर असतो, मशिनं त्याच्याकडून परवाना घेतात. तो १८० दिवसांचा, मशिन दर ७ दिवसांनी नवा करून घेतं. तुमच्या घरात असला सर्व्हर कुठून येणार? विंडोज टाकताना असल्या सर्व्हरचं सोंग करणारा बनावट प्रोग्रॅम, अ‍ॅक्टिव्हेटर, घातला असणार, तो मध्येच बंद पडला असेल. दिवाळीपासून मोजा, सहा महिने होऊन गेले. अँटीव्हायरस बंद करून असलं काही चालवायचं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणं. त्याच मशिनवर तुम्ही बँकेचं करता ना?

काकू (२०३): करतो की ओ. आम्ही पूर्ण पैसे दिले होते. कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. आता नवीन विंडोज विकत घ्यायचं काय?

दादा (४०२): नको. तुमचं मशिन विंडोज ११ होम घेऊनच आलेलं, मीच बसवून दिलेलं. त्याची ‘की’, म्हणजे परवान्याचा नंबर, मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य बोर्डवरच्या) चिपमध्ये असते, डिस्क बदलली तरी तिथंच राहते. फक्त ती होमची, आणि यांनी घातलंय प्रो, म्हणजे प्रोफेशनल. होमच्या कीनं प्रो चालू होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर सेटअप करून होम नव्यानं घालू. चिपमधली ‘की’ सेटअप स्वतःच वाचतो, नेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेट. बोर्ड बदलला असता तर अवघड होतं.

पण डिस्क पुसली जाणार, म्हणून आज रिपोर्ट आणि फोटो दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. कागदपत्रंच घ्या, प्रोग्रॅमच्या फाइली नकोत. आणि बँकेचा, मेलचा पासवर्ड आत्ताच मोबाइलवरून बदला.

काकू (२०३): पोरगी कॉपी करालीय. उद्या प्रिंट झाल्यावर या, जेवायलाच या.

३०१: दादा, मी पण ती आज्ञा घातली. आमच्या लॅपटॉपवर पण केएमएस दाखवतंय. बाबा सगळे व्यवहार त्यावरच करतात.

दादा (४०२): वायफाय बंद कर. येतो आत्ता.