पॅनलच्या लेबलांना एकच फॉन्ट ठरवायचा का? ('कुठलाही चालतो' म्हणणाऱ्यांना उत्तर)

पॅनलवाला_कुपवाड

विषय पॅनलचा, म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या विजेच्या पेटीचा. परवा इथं एकानं लिहिलं, "पॅनलच्या लेबलाला फॉन्ट कुठलाही चालतो. एरियल टाका, स्टिकर काढा, बिल लावा. गिऱ्हाईक अक्षर बघत नाही, मोटर फिरते का ते बघतं." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून हे लांबण.

गिऱ्हाईक लेबल वाचतं कुठं ते आधी बघा. पलूसकडच्या मळ्यात पाळी असेल तेव्हा थ्री फेज रात्रीची येते. माणूस उठून विहिरीवर जातो, हातात बॅटरी, चष्मा घरी उशाशी. मोटर ट्रिप झालेली, म्हणजे आपोआप बंद पडलेली. पेटीच्या दाराआड लेबल आहे, ओव्हरलोड रिले (मोटरनं जास्त करंट ओढला की ती बंद पाडतो तो) अमुक अँपिअरवर ठेवा म्हणून. तो आकडा 6 आहे की 8, हे त्याला तिथं, त्या उजेडात कळलं पाहिजे. चुकीचं वाचून रिलेचा आकडा जास्त ठेवला तर वाइंडिंग जळतं, आणि रिवाइंडिंगचे पैसे आपण देत नाही.

एरियल मोनोटाइपनं 1982 मध्ये घडवला तो लेझर प्रिंटरसाठी, म्हणजे कागदासाठी. त्यात मोठा आय आणि लहान एल ही नुसती उभी काठी. 6, 8, 9 जरा लांबून एकमेकांत मिसळतात. याउलट डीआयएन 1451 हे अक्षरांच्या वळणाचं जर्मन मानक 1936 चं. रेघेची जाडी सगळीकडं सारखी, लहान एलला खाली वळण, आणि त्या देशातल्या रस्त्यांच्या पाट्या आजही त्यावरच चालतात. माझं म्हणणं एवढंच: कुपवाड-मिरजेतल्या आपण पॅनलवाल्यांनी हे वळण धरावं. उंचीचा हिशोब सोपा, वाचायच्या अंतराला 200 नं भागा. एक मीटरवरून वाचायचं तर मोठं (कॅपिटल) अक्षर 5 मिलिमीटर.

आणि कृपा करून सगळं कॅपिटल अक्षरांत छापू नका. 30 मिलिअँपिअरच्या अर्थ लीकेज रिलेवर (जमिनीत गळणारा करंट पकडतो तो) mA मधला एम कॅपिटल छापला की ते 30 मेगा-अँपिअर झालं. आभाळातून वीज पडते तिच्यातसुद्धा साधारण काही दहा हजार अँपिअर असतात, साहेब.

स्टिकर_आणि_बिल

नाव न घेता माझ्यावरच लिहिलंय, तर घ्या. एरियल प्रत्येक विंडोजमध्ये आहे. तुमचा जर्मन माझ्या स्टिकरवाल्याकडं नाही. त्यानं फाईल उघडली की तिसराच फॉन्ट येतो आणि 'ओव्हरलोड ट्रिप' चौकटीबाहेर लोंबायला लागतं. चांगला डीआयएन विकत घ्यायचा तर लायसन्स. गिऱ्हाईक आधीच एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) लोकल टाका म्हणतंय, फॉन्टचे पैसे कुणाच्या खात्यात लावू?

पॅनलवाला_कुपवाड

कोरल ड्रॉमध्ये अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या आकृत्या, करून पाठवायचं, मग समोर फॉन्ट असो नसो. हे तुम्हाला माहीत नाही असं मी मानत नाही. पैशाचं म्हणाल तर बी612 हा फॉन्ट फुकट आहे. एअरबसच्या कॉकपिटसाठी केलेला.

स्टिकर_आणि_बिल

कॉकपिटच्या पडद्यांसाठी केलेला. माझा एरियल कागदासाठीचा म्हणून बाद, आणि तुमचा पडद्यासाठीचा पेटीवर पास? वा.

खोदाई_मिरज

तुम्ही दोघंही स्टिकरवाले. आमच्याकडं फॉन्ट म्हणजे पितळी अक्षरांचा डबा. पँटोग्राफला (साच्यावरून अक्षर गिरवत खोदणारं यंत्र) जो साचा लागतो तेच अक्षर, पसंतीला जागा नाही. आता सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं खोदाई मशीन, आलं तर गिऱ्हाईक एरियलमध्ये ड्रॉइंग पाठवतं. तो बाह्यरेषेचा फॉन्ट, त्यामुळं कटर अक्षराच्या कडेकडेनं फिरतो आणि अक्षर पोकळ निघतं, वर वेळ दुप्पट. खोदाईला एकेरी रेघेचा फॉन्ट पाहिजे, ऑटोकॅडमधला रोमन्स किंवा आयएसओवाला. आयएसओ 3098 या ड्रॉइंगवरच्या अक्षरांच्या मानकात बी प्रकारच्या अक्षराची जाडी उंचीच्या एक दशांश. 5 मिलिमीटर अक्षराला अर्ध्या मिलिमीटरचा कटर, विषय संपला. लेबल कशानं बनणार हे ठरल्याशिवाय फॉन्टवर भांडणं म्हणजे वरात निघाल्यावर मुलगी बघणं.

बागायतदार_तासगाव

सगळे इंग्रजीवरच भांडताय. विहिरीवर तुम्ही नाही, मी जातो. मराठीत का लिहीत नाही?

स्टिकर_आणि_बिल

लिहिलं होतं भाऊ. साडेतीन मिलिमीटरमध्ये स्क्रीन प्रिंटिंगनं 'पूर्ववत' छापलं, शाईनं उकार आणि रफार दोन्ही गिळले. वर मात्रा, खाली उकार, मध्ये उरलेल्या जागेत अक्षर.

पॅनलवाला_कुपवाड

म्हणून तर देवनागरीला उंची जास्त द्यायची. लेबल रुंद नाही, उंच करा. 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा मुक्ता घ्या, फुकट आहे, देवनागरी आणि रोमन एकाच घरचे, शेजारी ठेवले तर सवत वाटत नाहीत. या मुद्द्यावर बागायतदारांशी मी शंभर टक्के सहमत.

निवृत्त_इलेक्ट्रिशियन

फॉन्ट राहू द्या बाजूला. अक्षर वाचतो कोण? माणूस आधी दिवा बघतो. तुम्ही नवीन पॅनलवाले मोटर चालू असताना हिरवा दिवा लावता. आम्ही साखर कारखान्यात जन्म काढला, ब्रेकर (मोठा स्विच) लागला, म्हणजे चालू झाला, की लाल, सुटला की हिरवा. लाल म्हणजे लाईन जिवंत आहे, हात लावू नको. एका हंगामात नवीन मिलचं पॅनल आलं, त्यात उलटं. आमचा हेल्पर हिरवा दिवा बघून 'बंद आहे' म्हणत टर्मिनल कव्हर काढायला बसला. मी मागून ओरडलो म्हणून वाचला. त्याचं लग्न ठरलेलं होतं तेव्हा. तुमचा तो जर्मन फॉन्ट त्याला वाचवणार होता का?

ऑटोमेशन_पोरगा

काका, आदर ठेवून सांगतो, पण हेल्परनं टेस्टर लावायला पाहिजे होता. दिव्यावर विश्वास ठेवून कुणी कव्हर काढतं का? आणि मशीनच्या पॅनलला आयईसी 60204-1 हे मशीनच्या विजेचं आंतरराष्ट्रीय मानक लागतं. हिरवा म्हणजे सर्व ठीक, लाल म्हणजे आणीबाणी. स्टार्टच्या बटणाला लाल रंग चालतच नाही, स्टॉपला चालतो. सबस्टेशनची पद्धत मशीनवर लादू नका.

निवृत्त_इलेक्ट्रिशियन

टेस्टर लावायचं मला शिकवू नकोस. तुझ्या मानकातला कागद रात्रपाळीला येत नाही. एकाच शेडमध्ये अलीकडचं पॅनल लाल म्हणजे चालू आणि पलीकडचं हिरवा म्हणजे चालू, हे कुठल्या आयईसीत बसतं ते सांग.

ऑटोमेशन_पोरगा

त्यासाठीच तर लेबल वाचायचं असतं!!

बागायतदार_तासगाव

माझ्या पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे हायत. तिन्ही लागले की लाईट आली, एवढं कळतंय. आता तुम्ही लाल म्हणजे आणीबाणी म्हणताय, मग माझ्या विहिरीवर रोज आणीबाणी?

निवृत्त_इलेक्ट्रिशियन

ते फेजचे दिवे, ते वेगळे. बघा, एकाच लाल रंगाचे तीन अर्थ झाले. आणि हे म्हणतात फॉन्ट ठरवू.

खोदाई_मिरज

काका चिडलेत पण मुद्दा खोटा नाही. मी ब्रेकरच्या दिव्याखाली रंगाचं नाव खोदत नाही, 'लागला' आणि 'सुटला' खोदतो. मग दिव्याची काच कुणी बदलली तरी फरक पडत नाही.

ऑटोमेशन_पोरगा

हे मान्य. नाइलाजानं मान्य. पण काकांनी हेल्परच्या लग्नापर्यंत जायची गरज नव्हती.

निवृत्त_इलेक्ट्रिशियन

गरज होती. जेवायला मला बोलावलं होतं त्यानं.

पॅनलवाला_कुपवाड

मंडळी, परत फॉन्टवर येऊ. स्टिकरवाले, तुम्ही पेटीवर एरियल किती उंचीचा टाकता?

स्टिकर_आणि_बिल

14 पॉइंट. म्हणजे 5 मिलिमीटर. तुमच्या 200 च्या भागाकारात बरोबर बसतो, हवं तर मोजून घ्या.

पॅनलवाला_कुपवाड

मोजा की, पट्टी लावून. 14 पॉइंट म्हणजे 5 मिलिमीटर खरंच, पण ती अक्षराभोवतीच्या सगळ्या जागेची उंची. एरियलचं मोठं अक्षर त्याच्या 72 टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे तुमच्या लेबलावर अक्षर साडेतीन मिलिमीटर. 5 पाहिजे तर 20 पॉइंट टाकावा लागेल. आणि त्याच 14 पॉइंटात 'पूर्ववत' बसवलं होतं ना? मग उकार कसा राहील.

स्टिकर_आणि_बिल

ठीक आहे, गुरुजी. 20 टाकतो. एरियलच टाकतो. लेबल मोठं झालं तर दार मोठं, दार मोठं झालं तर पत्रा जास्त, त्याचं कोटेशन तुमच्या नावानं पाठवतो.

बागायतदार_तासगाव

दार मोठं करा, कुलूपबी जरा मोठं बसवा. आमच्याकडं केबल चोरीला जातीय, त्यावर कुणी धागा काढणार हाय का?

पॅनलवाला_कुपवाड

काढा तुम्हीच. इथं शुक्रवारपर्यंत ज्यांना डीआयएन वळणाची नमुना फाईल पाहिजे त्यांनी सांगा. खोदाईसाठी एकेरी रेघेची वेगळी देतो, मराठीची मुक्तातली वेगळी. स्टिकरवाल्यांनी मागितली नाही तरी मी पाठवणार आहे.

स्टिकर_आणि_बिल

पाठवा. उघडली नाही तर इथंच येऊन सांगीन.